औषध आहे, रोगी कुठे आहेत?

रोगराईचा विषय वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येतो तो सामान्यतः साथ आल्यावर. माणसे भराभर अंथरुणास खिळू लागली आणि रुग्णालयांतील खाटा अपुऱ्या पडू लागल्या, म्हणजे संपादकांची लेखणी जागी होते, नगरसेवक सभागृहात आवाज चढवतात आणि अधिकारी गटारांची पाहणी करावयास बाहेर पडतात. आज आम्ही ज्या रोगाविषयी लिहीत आहोत त्याची अशी साथ शहरावर कधी कोसळत नाही. तो बहुधा ताप आणीत नाही, अंगावर पुरळ उठवीत नाही, माणसाला कामावरून घरी बसवीत नाही. वीस-वीस वर्षे तो यकृतात निमूटपणे बसून राहतो आणि रोग्याला त्याचा पत्ता लागतो तेव्हा पुष्कळ वेळा यकृताचा मोठा भाग निकामी झालेला असतो. या रोगाचे नाव हिपॅटायटिस सी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे पाच कोटी लोकांच्या रक्तात त्याचे विषाणू वस्ती करून होते आणि त्या एका वर्षात सुमारे दोन लक्ष बेचाळीस हजार माणसे या रोगाने मेली. त्या पाच कोटींत आपल्या देशाचा वाटा पंचावन्न लक्षांचा होता.

हे आकडे भयंकर आहेतच. परंतु केवळ ते सांगण्यासाठी आम्ही ही जागा खर्ची घातली नसती. आज आमच्या मनात संताप आहे तो वेगळ्याच कारणासाठी. हा रोग आता बरा होतो. बारा आठवडे तोंडाने गोळ्या घेतल्या की शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी त्यातून कायमचे मुक्त होतात. त्या गोळ्या आपल्याच देशात तयार होतात आणि सरकारी रुग्णालयात त्या फुकट मिळतात. असे असूनही माणसे मरतात, कारण आपणास रोग आहे हेच त्यांना ठाऊक नसते. आणि ते त्यांना सांगण्याची जबाबदारी आपली आहे असे कोणासही वाटत नाही.

या अज्ञानाचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘कावीळ’. यकृताच्या सर्व दाहांना आपण सरसकट हे एकच नाव देऊन मोकळे झालो आहोत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि राजधानी दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. तेव्हापासून कावीळ म्हणजे दूषित पाणी, हे समीकरण सुशिक्षितांच्या मनात पक्के बसले. दिल्लीची ती साथ ज्या विषाणूची होती त्यास आज ‘ई’ असे नाव आहे. ‘ए’ आणि ‘ई’ हे दोन विषाणू पाण्यातून व अन्नातून येतात हे खरे. परंतु ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ यांचा मुख्य मार्ग रक्ताचा आहे. पाणी उकळून पिणारा आणि रस्त्यावरचा उसाचा रस वर्ज्य मानणारा सावध गृहस्थ ‘सी’ पासून त्यामुळे यत्किंचितही सुरक्षित होत नाही. शिवाय या रोगात डोळे पिवळे होतातच असे नाही. बहुतेकांचे होतच नाहीत. गळ्यात मुळ्यांची माळ बांधून कावीळ ‘उतरवणाऱ्या’ भोंदूंना आपण हसतो. पण डोळे पिवळे नाहीत म्हणजे यकृत ठणठणीत आहे, ही आपली सुशिक्षितांची समजूत त्या माळेपेक्षा फारशी शास्त्रशुद्ध आहे असे आम्हास वाटत नाही.

विषाणूने शरीरात प्रवेश केल्यावर शंभरांतील सुमारे तीस माणसांचे शरीर काही महिन्यांत स्वतःच त्याचा निकाल लावते. उरलेल्या सत्तरांच्या यकृतात मात्र तो ठाण मांडतो. त्यांच्यापैकी कित्येकांना थोडा थकवा येतो, भूक मंदावते. आणि ‘दगदग फार झाली’ किंवा ‘वय झाले’ असे म्हणून ते स्वतःची समजूत घालतात. वीस वर्षांच्या अवधीत अशा रोग्यांपैकी शेकडा पंधरा ते तीस जणांचे यकृत व्रणांनी भरून कठीण होते. डॉक्टर यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मग पोटात पाणी साठते, रक्ताच्या उलट्या होतात आणि काहींना यकृताचा कर्करोग जडतो. दारूला आयुष्यात न शिवलेल्या माणसाला सिऱ्होसिस झालेला पाहून नातेवाईक चकित होतात. त्यांच्या आश्चर्याचे उत्तर कधी कधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टोचलेल्या एखाद्या सुईत दडलेले असते.

रोग्याच्या रक्ताचा सूक्ष्म अंश दुसऱ्याच्या रक्तात शिरला पाहिजे, तरच हा विषाणू पसरतो. एकदा वापरलेली सुई वा सिरिंज पुन्हा वापरणे, न तपासलेले रक्त देणे, शस्त्रक्रियेची वा दंतवैद्याची हत्यारे नीट निर्जंतुक न करणे, डायलिसिसच्या ठिकाणी हयगय होणे, मादक द्रव्य टोचून घेणाऱ्यांनी एकच सुई फिरवणे, हे त्याचे हमरस्ते होत. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणारा आणि तोच वस्तरा गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवणारा हे त्याच्या आडवाटा होत. रोगी मातेकडून अर्भकाला शंभरांतील पाच-सहा वेळा तो जातो; शरीरसंबंधातूनही जाऊ शकतो, पण त्या मानाने क्वचित. मात्र एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने, शिंकेने, खोकल्याने वा डासाने तो पसरत नाही. आईच्या दुधातूनही तो जात नाही. घरातील रोग्याचे भांडे निराळे ठेवणारे कुटुंब स्वतःचे रक्षण करीत नाही. ते केवळ रोग्याचा अपमान करते.

सुईविषयी आपल्या समाजास जी विलक्षण भक्ती आहे, तिचा विचार येथेच केला पाहिजे. गोळी दिली तर डॉक्टरने फसवले आणि सुई टोचली तर फी वसूल झाली, असे मानणारे रोगी खेड्यातच असतात असा कोणी समज करून घेऊ नये. ते मुंबई-पुण्यातही विपुल आहेत. या शतकाच्या आरंभी झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असे आढळले होते की, आपल्या देशात दरसाल सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जात आणि त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक असुरक्षित असत. २००९ साली गुजरातेतील मोडासा गावी वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बी पसरून डझनावारी माणसे प्राणास मुकली. तो विषाणू निराळा होता, परंतु सुई तीच होती. ‘बी’ने तेथे उघड हत्याकांड केले म्हणून त्याची बातमी झाली. ‘सी’ तेच काम सावकाश करतो म्हणून त्याची बातमी होत नाही, एवढाच काय तो फरक.

आता उपचाराचा इतिहास पाहू. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेतील हार्वे आल्टर यांनी दाखवून दिले की, रक्त घेतलेल्या कित्येक रोग्यांना होणारा यकृतदाह ‘ए’चाही नव्हे आणि ‘बी’चाही नव्हे. १९८९ साली मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अज्ञात विषाणूचा छडा लावला आणि पुढे चार्ल्स राइस यांनी हा एकटा विषाणूच रोग उत्पन्न करण्यास पुरेसा आहे हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू सापडल्यावरही दीर्घकाळ उपचार होता तो इंटरफेरॉनच्या सुयांचा. तो वर्षभर चाले, रोग्यास जेरीस आणी आणि जवळजवळ निम्म्यांना गुण देत नसे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोस्बुव्हिर या गोळीस मान्यता मिळाली आणि सारे चित्र पालटले. मात्र तेथे बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत होती चौऱ्याऐंशी हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पन्नास लाख रुपयांहून अधिक. २०१४ साली मूळ कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले आणि ती किंमत शंभर पटींहूनही अधिक खाली आली. २०१८ च्या २८ जुलैस केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषधे विनामूल्य केली. त्यापूर्वीच, २०१६ साली, पंजाब सरकारने आपल्या प्रजेस हे औषध फुकट देण्यास आरंभ केला होता. जेथे श्रेय द्यावयाचे तेथे ते मोकळेपणाने दिले पाहिजे, आणि आम्ही ते देतो.

परंतु औषधाचे कोठार भरले म्हणजे रोग हटला असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्याच हिशेबाप्रमाणे २०२२ अखेर जगातील या रोग्यांपैकी शेकडा छत्तीस जणांचेच निदान झाले होते आणि शेकडा वीस जणांनाच उपचार मिळाले होते. २०३० पर्यंत शेकडा नव्वदांचे निदान आणि ऐंशींना उपचार हे उद्दिष्ट जगाने २०१६ साली स्वीकारले. त्याची मुदत आता दारात येऊन ठेपली आहे. जो रोगी स्वतःला निरोगी समजतो तो रुग्णालयाची पायरी कशाला चढेल? आणि तो पायरी चढत नाही तोवर रुग्णालय त्याची वाट पाहत बसणार असेल, तर फुकट औषधाची योजना कागदावर कितीही उदार असली तरी तिचा उपयोग किती?

रोग्याची वाट न पाहता त्याला शोधून काढता येते, हे इजिप्तने दाखवून दिले आहे. तेथे नाईलच्या पाण्यातील बिल्हार्झिया या कृमिरोगावर १९५० ते १९८० च्या दशकांत सरकारनेच सुया टोचण्याची मोहीम चालवली. हेतू उत्तम होता. परंतु त्याच त्या सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि एका रोगाच्या निर्मूलनातून दुसरा रोग घरोघर पोचला. दर दहा माणसांत एकाला हिपॅटायटिस सी, अशी त्या देशाची स्थिती झाली. २०१८ साली त्यांनी देशव्यापी तपासणी आरंभली, अवघ्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची बोटे टोचली आणि ज्यांच्यात रोग आढळला त्यांना देशात तयार झालेले औषध दिले. शेकडा दहाचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या खाली आले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या यशावर शिक्कामोर्तब केले.

आपली स्थिती इजिप्तसारखी नाही, हे आम्ही जाणतो. पंचावन्न लक्ष हा आकडा मोठा असला तरी आपल्या लोकसंख्येच्या मानाने तो शेकडा अर्धाही भरत नाही. त्यामुळे घरोघर जाऊन एकशे चाळीस कोटींची बोटे टोचा, असा अव्यवहार्य सल्ला आम्ही देणार नाही. पण जेथे रोगी सापडण्याचा संभव अधिक आहे तेथे तरी त्यांना शोधावयास नको काय? डायलिसिस घेणारे, थॅलेसेमिया व हिमोफिलियाचे रोगी, पूर्वी रक्त घेतलेले, तुरुंगातील कैदी, मादक द्रव्ये टोचून घेणारे आणि रोग्यांची मुले व जोडीदार, ही यादी काही गुप्त नाही. ती आरोग्य खात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्यास पाठ आहे.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. शोध घेण्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. मोतीबिंदूपासून बाळंतपणापर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी शहरातील बहुतेक रुग्णालये रोग्याचे रक्त तपासतात आणि त्यात ‘सी’ची तपासणीही पुष्कळ ठिकाणी असते. ती होते ती शल्यवैद्याच्या व परिचारिकांच्या संरक्षणासाठी. त्यांचे संरक्षण झालेच पाहिजे. परंतु निष्कर्ष होकारार्थी आला तर पुढे काय होते? हातमोजे दुप्पट होतात, कधी खर्चाच्या आकड्यात भर पडते, कधी शस्त्रक्रियाच टाळली जाते; आणि रोगी घरी जातो तेव्हा त्या तपासणीचा कागद त्याच्या फाइलीत इतर वीस कागदांखाली निजलेला असतो. ‘तुम्हाला हा रोग असू शकतो, तो बरा होतो, अमुक रुग्णालयात जा’ ही तीन वाक्ये त्याला सांगण्यास कोणास सवड नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

आमची मागणी म्हणूनच साधी आहे. ज्या प्रयोगशाळेत, ज्या रुग्णालयात अथवा रक्तपेढीत असा निष्कर्ष हाती येईल, तिच्यावर तो रोग्यास किंवा रक्तदात्यास गुप्तपणे आणि समजेल अशा मराठीत सांगण्याचे आणि उपचार केंद्राकडे त्यास पोचवण्याचे बंधन असावे. ही तपासणी दोन पायऱ्यांची असते, हेही लोकांस समजावून सांगितले पाहिजे. पहिलीत प्रतिपिंडे सापडतात; म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला एवढेच सिद्ध होते. तो अद्याप मुक्कामास आहे की नाही, हे दुसऱ्या, विषाणूच्या आर. एन. ए.च्या चाचणीतच कळते. पहिल्या कागदाने घाबरून जाऊन दुसरी चाचणीच न करणारे लोक थोडेथोडके नाहीत. यास उपाय एकच. पहिल्या चाचणीचे रक्त हाती आहे तोवर त्याच रक्तावर दुसरी चाचणी करावी. रोग्यास पुन्हा खेपा घालावयास लावू नये. उपचाराने बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातही प्रतिपिंडे पुढे राहतात. त्यामुळे केवळ पहिल्या कागदावर बोट ठेवून त्यास नोकरी नाकारणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

प्रतिबंधाचे काम उपचाराहून कमी महत्त्वाचे नाही, कारण या रोगावर लस नाही आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा दूषित सुईच्या तावडीत सापडला तर तो पुन्हा आजारी पडतो. मुलांना लस टोचताना सरकार अशी सिरिंज वापरते की एकदा दाबल्यावर तिचा दट्ट्या अडकून बसतो आणि ती पुन्हा भरताच येत नाही. जी काळजी लसीच्या सुईबाबत घेतली जाते ती तापाच्या सुईबाबत का घेतली जाऊ नये? सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्यात अशीच सिरिंज वापरण्याची सक्ती करणे कोणत्याही राज्य सरकारास अशक्य नाही. रक्तपेढ्यांत ‘सी’ची तपासणी या शतकाच्या आरंभी आपल्या देशात सक्तीची झाली, तथापि प्रतिपिंडांची नेहमीची चाचणी नव्या संसर्गाचे पहिले काही आठवडे ओळखू शकत नाही. अधिक सूक्ष्म अशी न्यूक्लिक ॲसिड चाचणी जेथे अद्याप होत नाही तेथे ती सुरू झाली पाहिजे. थॅलेसेमियाच्या ज्या मुलास महिन्यातून दोनदा दुसऱ्याचे रक्त घेऊन जगावे लागते, त्याच्या बाबतीत ‘खर्च परवडत नाही’ हे उत्तर सुसंस्कृत सरकारास शोभणारे नाही.

काही सुखवस्तू वाचक हे वाचून मनात म्हणतील की, हा रोग गर्दुल्ल्यांचा. त्याच्याशी आमचा संबंध काय? त्यांस आम्ही एक सर्वविदित गोष्ट स्मरण करून देऊ. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर शेकडो लोकांनी रक्त दिले. त्या रक्तातून हिपॅटायटिस बीचे विषाणू आपल्या शरीरात शिरले आणि ते सुमारे वीस वर्षांनी साध्या तपासणीत उघडकीस आले तेव्हा यकृताचा पाऊण भाग गेला होता, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. धन, कीर्ती आणि उत्तम वैद्यकीय सेवा यांपैकी काहीही ज्यास कमी नव्हते, त्याच्या यकृतातील रोग दोन दशके कोणास दिसला नाही. रक्तातून येणारा विषाणू जात, वर्ग वा चारित्र्य पाहत नाही. आणि ज्यांना आपण गर्दुल्ले म्हणून हिणवतो तीही कोणाची तरी मुले आहेत. त्यांना स्वच्छ सुई व व्यसनमुक्तीचा उपचार देणे यात व्यसनाचे समर्थन नाही. उलट त्यांना पोलिसी धाकाने अंधारात ढकलल्यास रोगही त्यांच्याबरोबर अंधारात जातो आणि तेथेच वाढतो.

खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्षय आहे, डेंग्यू आहे, कुपोषण आहे. मग न दिसणाऱ्या या रोगासाठी तिजोरी का उघडावी, असे ते विचारतात. उत्तर हिशेबाचे आहे. वेळीच निदान झाले तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांत सरकारचे काही हजारांत काम भागते. उशिरा झाले तर वारंवार रुग्णालयात भरती, कर्करोगाचे उपचार, आणि शेवटी यकृतारोपण, ज्याचा आकडा खाजगी रुग्णालयात वीस लाखांच्या पुढे सहज जातो. शिवाय यकृत देणारा मिळाला पाहिजे, आणि तो बहुधा घरातलाच कोणी असतो. बैल गेला नि झोपा केला अशी आपली आरोग्यव्यवस्था राहू द्यावयाची असेल, तर गोष्ट वेगळी. अन्यथा, आज तपासणीवर खर्च झालेला रुपया हा उद्याची बचतच आहे.

दरसाल २८ जुलैस जागतिक यकृतदाह दिन साजरा होतो. त्या दिवशी फलक लागतात, फेऱ्या निघतात, मंत्रिमहोदयांची भाषणे होतात आणि २९ तारखेस फलक उतरतात. यापुढे त्या दिवशी भाषणांऐवजी महापालिकेने व राज्याच्या आरोग्य खात्याने एक तक्ता प्रसिद्ध करावा. गेल्या वर्षात किती जणांची तपासणी झाली, किती जणांच्या रक्तात विषाणू सापडला, त्यांतील किती जणांनी उपचार पुरे केले आणि किती जण मध्येच निसटले, हे त्यात विभागवार असावे. रोग्यांची नावे नकोत, आकडे हवेत. ते आम्ही याच पानावर छापू.

आणि आमच्या वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे. ज्यांनी पूर्वी कधी रक्त घेतले असेल, विशेषतः ते गेल्या शतकात घेतले असेल, ज्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, ज्यांनी कोठेतरी गोंदवून घेतले असेल, किंवा ज्यांच्या घरात हा रोग कोणास झाला असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून हिपॅटायटिस सीची तपासणी एकदा मागून घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या जुन्या फायली एका रविवारी काढून त्यांत असा एखादा निष्कर्ष दुर्लक्षित पडला आहे काय, हे पाहावे. आढळल्यास वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय गाठावे. औषध तेथे आहे. आणि साध्या तापासाठी डॉक्टरकडे गेल्यावर ‘सुई द्या’ असा हट्ट धरू नये. सरकार आपले काम करील तेव्हा करो. पण फायलीतील तो कागद उघडून वाचण्यासाठी कोणाच्याही हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.